उपरं उत्तर

शिवकन्या बिराजदारला आजवर फक्त दोनदा उमजलं होतं, आणि दोन्ही वेळची तारीख, मिनिट आणि सेकंद कॉलेजच्या दप्तरात नोंदलेले होते. बाकीच्या वेळी तिला नुसतं येत होतं.

येणं आणि उमजणं यांत फरक करायची पाळी पूर्वी कोणावर आली नव्हती. गणित सुटलं की सुटलं, एवढाच हिशेब. पण कोड लिहिणारी यंत्रं आली आणि विद्यार्थ्यांच्या प्रोग्रामिंग स्पर्धांची पार रया गेली. पाच तास डोकं खाजवावं असा प्रश्न यंत्राला दाखवला की पेलाभर पाणी पिऊन होईस्तोवर उत्तर हजर. मुलं चष्म्याच्या दांडीत, बुटाच्या टाचेत, एका पठ्ठ्यानं तर दाढेच्या टोपणाखाली यंत्रं लपवून आणली. शेवटी आयोजकांनी हात टेकले आणि दोन वर्षं स्पर्धा बंदच पडल्या. मग मेंदूवर काम करणाऱ्या डॉ. अलकनंदा वर्टी यांनी उमजपट्टी तयार केली आणि स्पर्धांना पुन्हा बरे दिवस आले.

पट्टीमागचं शास्त्र फार अवघड नाही. माणूस एखाद्या प्रश्नाशी झटत असतो, काही म्हणता काही सुचत नाही, आणि अचानक डोक्यात उजेड पडतो. हा उजेड पडल्याचं त्याला स्वतःला कळायच्या साधारण एक तृतीयांश सेकंद आधी मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या जरा वर, विजेची एक जलद लहर उठते. त्याच्याही क्षणभर आधी मेंदूचा मागचा भाग, जो डोळ्यांचं काम बघतो, तो शांत होतो. आधी ही शांतता आणि पाठोपाठ लहर, ही जोडी शास्त्रज्ञांना कधीपासून ठाऊक होती. वर्टीबाईंनी ती कपाळावर बांधायच्या कापडी पट्टीतून टिपून दाखवली. लहर उठली की पट्टीवरचा बारीक हिरवा दिवा लागतो आणि ती वेळ कोणालाही पुसता येणार नाही अशी नोंदली जाते. दुसऱ्यानं सांगितलेलं उत्तर उतरवून घेताना ही लहर उठत नाही. ढोंग करूनही ती आणता येत नाही.

त्यावरून स्पर्धेचा नियम ठरला. तिघांचा संघ, तिघांत मिळून एक संगणक, दहा प्रश्न, पाच तास. कोणत्याही प्रश्नाचं पहिलं अक्षर टाइप करण्याआधी संघातल्या एकाच्या तरी पट्टीवर दिवा लागलेला हवा. दिवा न लागता उत्तर आलं तर ते कितीही बरोबर असो, पडद्यावर लाल अक्षरांत शब्द उमटायचा : उपरे. म्हणजे बाहेरून आलेलं. मग सुनावणी. आरोप खरा ठरला तर संघ बाद, आणि ज्यानं उत्तर लिहिलं त्याच्या गुणपत्रिकेवर तो शब्द कायमचा.

शिवकन्या लातूरची. तिथं पोरं चालायला लागायच्या आधी सराव परीक्षेला बसतात असं तिचा भाऊ चेष्टेनं म्हणायचा. तिनं चार वर्षांत चार हजारांवर प्रश्न हातानं सोडवले होते, दोनशेपानी सोळा रजिस्टरं भरली होती. त्यामुळे कोणताही प्रश्न समोर आला की तिला त्याचा कोणी ना कोणी चुलत-मावस भाऊ आठवायचाच. आता अशा मुलीच्या मेंदूत लहर उठावी तरी कशी? स्वतःच्या घराचा रस्ता सापडला म्हणून कोणी दचकत नाही.

तिच्या संघातला अरसलान पटेल नेमका उलटा. उदगीरचा, उंच, सरावाचा भयंकर कंटाळा. प्रश्न वाचायचा, खुर्ची मागे झुकवून छताकडे बघत बसायचा, आणि मग कपाळावर हिरवा दिवा. वर्षभरात त्याच्या नावावर एक्केचाळीस दिवे जमा झाले होते. मोठ्या संशोधन संस्था आता गुण बघत नव्हत्या, दिवे बघत होत्या, आणि बंगळुरूच्या एका संस्थेनं तर त्याला पत्रच पाठवलं होतं की पंचेचाळीस पूर्ण करा, जागा तुमची. तिसरा प्रणित कांबळे. त्याची बोटं कीबोर्डवर इतकी जलद चालायची की बघणाऱ्याला वाटावं, हा नुसता थापा मारतोय. थापा तो तोंडानंही भरपूर मारायचा.

आता एक गोष्ट फक्त शिवकन्याला ठाऊक होती. सरावाच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या लक्षात आलं होतं की आपण उत्तर पूर्ण सांगितलं तर दिवा कोणाचाच लागत नाही. आपला लागत नाही कारण आपल्याला ते येतच असतं, आणि बाकीच्यांचा लागत नाही कारण त्यांनी ते ऐकलेलं असतं. मग तिनं अर्धं सांगायला सुरुवात केली. "हे सगळं उंचीनं लावून घेतलं, तर मग..." असं म्हणून ती पेन्सिल कागदावर टेकवून गप्प बसायची. तीन, चार, पाच सेकंद. अरसलानचा दिवा लागायचा, तो ताडकन सरळ बसायचा आणि उरलेलं अर्धं सांगायचा. ती मान डोलवायची.

सुरुवातीला तिनं हे संघासाठी केलं. नंतर अरसलानचा चेहरा इतका खुलायचा की सांगायचं जिवावर आलं. आणि वर्ष उलटल्यावर तर सांगणंच विचित्र दिसलं असतं. अरसलानला आपल्या शेजारी बसून कोणीतरी पुटपुटतं एवढंच माहीत होतं. कॉलेजात एकदा कोणीतरी शिवकन्याला विचारलं, "संघात तुझं काम काय गं?" तेव्हा तोच तिच्या वतीनं म्हणाला होता, "ती आमच्या चुका काढते." त्यानं ते प्रेमानंच म्हटलं होतं. तिला मात्र ते दोन दिवस लागून राहिलं.

*

राज्याची अंतिम फेरी वेण्णाकाठ तंत्रविद्यापीठात होती. मोठं सभागृह, चाळीस टेबलं, प्रत्येक टेबलाशी तीन पट्टीवाली डोकी. सकाळी दहाला घंटा झाली. दुपारी दोनपर्यंत शिवकन्याच्या संघाचे सात प्रश्न सुटले. अरसलानचे दिवे पाच, प्रणितचे दोन.

दोन वाजून दहा मिनिटांनी अरसलान आठव्या प्रश्नात अडकला. हा प्रश्न आकड्यांच्या काहीतरी विचित्र खेळाचा होता आणि त्यानं तो स्वतःच्या अंगावर घेतला होता. खुर्ची मागे, नजर छताला. शिवकन्यानं तोवर नववा प्रश्न वाचला. दोन पानांची लांबलचक गोष्ट होती. पठारावर एका ओळीत पवनचक्क्यांच्या जागा आखल्यात, रोज कुठल्यातरी एका जागी चक्की उभी राहते, आणि रोज संध्याकाळी सांगायचं की सलग उभ्या असलेल्या चक्क्यांचा सगळ्यांत मोठा गट केवढा. चक्क्या पाच लाख, वेळ दोन सेकंद. मध्ये वारा, ठेकेदार, तारा, नको त्या गोष्टींचा पसारा. चाळीसपैकी तीनच संघांना तो सुटला होता. शिवकन्यानं पसारा बाजूला सारला आणि तिला दिसलं की ही तर जोडणी आहे. नवी चक्की उभी राहिली की डावीकडचा गट आणि उजवीकडचा गट तिच्यातून जोडले जातात. असले प्रश्न तिनं साठ-सत्तर तरी सोडवले होते.

"अरसलान, हा नववा बघ," ती हळूच म्हणाली. "नवी चक्की आली की तिच्या दोन्ही बाजूंना..."

"आत्ता नको, शिवा." त्यानं डोळेसुद्धा खाली आणले नाहीत. "मध्ये बोलू नको, माझं सुटायलंय."

ती थांबली. मग प्रणितकडे वळून तिनं तेच पुन्हा अर्धं सांगितलं. पण प्रणित सकाळपासून टाइप करून पार पेंगुळला होता. "दोन्ही बाजूंना काय? वारा?" तो म्हणाला. घड्याळात चाळीस मिनिटं उरली होती. तिनं पाच मिनिटं वाट पाहिली, अरसलानच्या कपाळाकडे बघितलं, प्रणितच्या कपाळाकडे बघितलं, आणि मग तिचाच संयम सुटला. वर्षभर अर्धं अर्धं गिळून तिला त्या दिवशी अजीर्ण झालं असावं. तिनं संगणक स्वतःकडे ओढला आणि अकरा मिनिटांत पूर्ण प्रोग्राम लिहून पाठवून दिला.

पडद्यावर आधी "बरोबर" आलं. त्याच्या खाली लगेच लाल अक्षरांत : उपरे. संगणक बंद पडला, आणि दोन स्वयंसेवक टेबलाशी येऊन उभे राहिले.

"तुमच्या संघाची सुनावणी चार वाजता," त्यातली मुलगी म्हणाली. "तोवर कोणीही पट्टी सोडायची नाही."

सगळं सभागृह वळून बघत होतं. अरसलानची खुर्ची आता कुठे पुढे आली. त्यानं पडद्याकडे बघितलं, मग शिवकन्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, "शिवा, खरं सांग. कुठून आणलंस?"

लाल अक्षरांचं तिला एवढं काही वाटलं नव्हतं. तो शेवटी यंत्राचा मूर्खपणा, समजावून सांगता येईल, असं ती मनाशी म्हणत होती. पण हा प्रश्न मात्र तिच्या काळजाला घरं पाडून गेला.

*

सुनावणीच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. अरसलान खिडकीशी जाऊन उभा राहिला. प्रणित शिवकन्याच्या शेजारी बसला आणि इकडेतिकडे बघून कुजबुजायला लागला.

"ऐक. आत ते तुला नवा प्रश्न देणार. दिवा लागला की सुटलीस. आता दिवा कसा लावायचा, ते मी सांगतो. विनोद कळला किंवा कोडं सुटलं, की तीच लहर उठते. पट्टीला काय कळतंय माणूस गणितावर पेटलाय की कोड्यावर? मी तुला एक कोडं घालतो, ते आत्ता सोडवू नको. आत गेल्यावर फळ्यासमोर उभं राहून सोडव. झालं काम."

"प्रणित, हे बरं नव्हं."

"आगं, उत्तर तुझंच आहे ना? मग? आपण खरं उत्तर खरं करायलोय." त्यानं बादल्यांनी पाणी मोजायचं कोडं सुरू केलं.

"हे येतंय मला," ती म्हणाली.

मग त्यानं नदी ओलांडणाऱ्या नवरा-बायकांचं घातलं.

"हेही येतंय."

प्रणितनं कपाळावर हात मारून घेतला. त्याही परिस्थितीत शिवकन्याला हसू आलं. तिसरं कोडं त्यानं स्वतः रचलेलं होतं. तिघा भावांचं आणि एका कुलपाचं. हे तिला येत नव्हतं. ते डोक्यात शिरलं आणि तिथं गुदगुल्या करत बसलं. आणखी जरा जोर लावला असता तर ते सुटलं असतं, हे तिला जाणवत होतं. एक दिवा लावायला एवढं पुरेसं होतं. घरी कोणाला काही कळलं नसतं, गुणपत्रिका कोरी राहिली असती, आणि पुढच्या आयुष्यात कोणी तिला चोर म्हटलं नसतं.

"उत्तर सांगून टाक," ती म्हणाली.

"आं? आगं, मग काय उपयोग त्याचा?"

"म्हणूनच सांगून टाक. नाहीतर आत गेल्यावर ते सुटंल माझ्याकडून, आणि जन्मभर मला वाटंल की मी खरंच चोरी केली होती."

प्रणितनं नाइलाजानं उत्तर सांगितलं. कोडं गेलं.

*

तिघांना एकदमच बोलावलं. आत दोघं होती. एक डॉ. वर्टी, साठीच्या पुढच्या, केस अगदी बारीक कापलेले, समोर चहाचा कप. दुसरे मुख्य परीक्षक प्रा. शेंड्ये. नववा प्रश्न त्यांनीच काढला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

"दोन पानांचा प्रश्न," शेंड्ये म्हणाले. "अकरा मिनिटांत सुटला. संघातल्या एकालाही काही उमजल्याची नोंद नाही. मग उत्तर आलं कुठून?"

"सर, मला ते येत होतं."

"कुठून येत होतं?"

"करून करून."

"इथं येणारा प्रत्येक जण हेच सांगतो."

"असेल, सर. पण मी खरंच केलंय."

वर्टीबाईंनी कप खाली ठेवला. "हे बघ, पट्टी बांधलेली आहेच. मी तुला नवीन प्रश्न देते, फळ्यावर सोडव. दिवा लागला तर मगाशी पट्टीच चुकली असं आम्ही धरू. चालेल?"

"दिवा लागणार नाही, मॅडम," शिवकन्या म्हणाली. "आधीच सांगून ठेवते. मला सुटलं तरी लागणार नाही."

प्रणितला मागे ठसका लागला. शेंड्यांनी भुवया वर केल्या. वर्टीबाई मात्र पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघायला लागल्या. शेंड्यांनी प्रश्न घातला. पठार तेच, चक्क्या त्याच, पण आता त्या सगळ्या उभ्या आहेत आणि वादळात रोज एक कोसळते. कोणती कधी कोसळणार त्याची यादी आधीच हातात आहे. रोज संध्याकाळी सलग उभ्या असलेल्यांचा सगळ्यांत मोठा गट सांगायचा.

शिवकन्यानं खडू घेतला. नेमका हाच प्रश्न तिनं कधी सोडवलेला नव्हता. एक चक्की पडली की गट दुभंगतो, आणि दुभंगल्यावर मोठा कोणता हे बघायला पुन्हा सगळं मोजावं लागतं. तिनं एक रीत लिहिली, मनातल्या मनात पाच लाख चक्क्या पाडून बघितल्या, फार वेळ लागत होता. पुसलं. दुसरी रीत लिहिली. तीही लंगडी निघाली. पुसलं. पंधरा मिनिटं गेली. तिच्या कपाळावर घाम होता आणि दिवा नव्हता. शेंड्ये घड्याळाकडे बघायला लागले.

मग रस्ते बंद होत जाणाऱ्या शहराचा एक प्रश्न तिला आठवला, त्यातली एक युक्ती आठवली, ती इथं बसते का ते तिनं चार चक्क्यांवर करून पाहिलं, मग सहांवर. बसत होती. कुठं काही लखलखलं नाही. किल्ल्यांच्या जुडग्यातली एकेक किल्ली लावत जावी आणि एक फिरावी, तसं झालं.

"यादी आपल्याकडे आधीपासून आहे," ती फळ्याकडे तोंड करून म्हणाली. "म्हणून ही पडझड आपण शेवटच्या दिवसापासून मागं मागं बघत आलो, तर मग..."

आणि ती थांबली. खडू फळ्यावर टेकलेला, मान जराशी डावीकडे वळलेली, जिथं वर्षभर अरसलानची खुर्ची असायची तिकडे. तिनं हे ठरवून केलं नव्हतं. सवयीनं झालं होतं. एक सेकंद, दोन, तीन, चार.

अरसलानच्या कपाळावर हिरवा दिवा लागला.

"तर मग ती पडझड राहतच नाही, उभारणी होते," तो बोलून गेला. "नवव्या प्रश्नासारखीच. फक्त उलटी जोडत यायची."

अरसलान हसऱ्या चेहऱ्यानं शिवकन्याकडे वळला, नेहमीसारखा, आणि त्याचं हसू हळूहळू विरलं. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. ती त्याच्या कपाळाकडे बघत होती, दिवा लागण्याची वाट बघत असल्यासारखी, आणि आता चोरी सापडल्यागत तिनं झटकन मान खाली घातली.

"तुला पुढचं येत होतं," अरसलान म्हणाला.

ती फळ्याकडे वळली.

"शिवा, तुला पुढचं येत होतं. मग थांबलीस का?"

"सवय," ती कशीबशी म्हणाली. "अरसलान, जाऊ दे ना. मी पुढचं लिहिते."

"सवय." त्यानं तो शब्द एकदा चाखून पाहिला. मग तो वर्टीबाईंकडे वळला. "मॅडम, हे असं नेहमीच होतं. ती अर्धं बोलते आणि थांबते, आणि मला सुचतं. मला वाटायचं, मलाच सुचतंय. आत्ता कळालं मला. वर्षभर कळालं नव्हतं."

"काय बोलतो आहेस ते समजतंय ना तुला?" शेंड्ये म्हणाले. "तुझ्या नावावर शेहेचाळीस उमजांची नोंद आहे. आत्ताची धरली तर सत्तेचाळीस."

"समजतंय, सर. त्यातल्या माझ्या किती, ते मला सांगता यायचं नाही."

शिवकन्याला वाटलं, धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवावा. पंचेचाळिसांचं पत्र त्यानं तिला किती वेळा वाचून दाखवलं होतं. पण त्याच वेळी तिला आतून हलकंही वाटलं. मगाशी सभागृहात विचारलेला प्रश्न त्यानं मागे घेतला होता, तोही सगळ्यांदेखत आणि स्वतःचं नुकसान करून.

वर्टीबाईंनी समोरच्या पडद्यावर सकाळचं ध्वनिमुद्रण काढलं. प्रत्येक टेबलावरचा शब्द न् शब्द नोंदलेला होता. अरसलानचे सकाळपासूनचे पाच दिवे. त्यातल्या चारांच्या आधी, कधी तीन सेकंद तर कधी सहा, एका मुलीचा दबका आवाज होता. आणि प्रत्येक वाक्य "तर मग" वर येऊन थांबत होतं. त्यांनी चारही पुन्हा एकदा ऐकली. नंतर नवव्या प्रश्नाच्या वेळचं ऐकलं. त्यात ती मुलगी दोघांना दोनदा अर्धं सांगत होती आणि कोणी ऐकत नव्हतं.

"पुढचं लिही बघू," त्या शिवकन्याला म्हणाल्या. "थांबू नकोस."

तिनं लिहिलं. सात मिनिटं लागली. शेंड्यांनी एक ओळ तपासली, मग दुसरी, मग चष्मा काढून पुसला. एकदा त्यांनी एक चूक दाखवली, तिनं ती दुरुस्त केली. दिवा शेवटपर्यंत लागला नाही.

"बरोबर आहे," शेंड्ये म्हणाले. "पण अलकनंदाबाई, पट्टी?"

"पट्टी उमजण्याचा क्षण पकडते, शेंड्येसर. येण्याला क्षण नसतो, तो कसा पकडणार?" वर्टीबाईंनी गार झालेला चहा उगाचच ढवळला. "आम्ही ही तयार करताना कोड्यांची आवड असलेली तीनशे माणसं बसवली, आणि त्यांना न येणारी कोडी घातली. ज्याला येतं त्याच्या डोक्यात काय होतं, हे आम्ही तपासलंच नाही. कोणाला ते तपासावंसंही वाटलं नाही. चूक माझी आहे." मग त्या शिवकन्याकडे वळल्या. "किती जणांना अशी शिक्षा झाली असेल, कुणास ठाऊक. जुनी प्रकरणं आता उघडावी लागतील मला."

त्यांनी निर्णयाचा अर्ज पडद्यावर घेतला. उत्तर ग्राह्य, आरोप रद्द. मग बोट एका चौकटीपाशी अडलं : उमज कोणाची? चौकट रिकामी ठेवली तर अर्ज पुढे जात नव्हता.

"या मुलाचं नाव घाला," शेंड्ये म्हणाले. "आत्ता त्याचाच लागला की."

"नको," अरसलान म्हणाला.

वर्टीबाईंनी क्षणभर विचार केला आणि चौकटीत दोन शब्द लिहिले : गरज नाही. अर्ज निमूटपणे पुढे गेला.

*

बाहेर आल्यावर शिवकन्या बाकावर बसली आणि हमसून हमसून रडली. तिला आनंद झाला नव्हता, नुसती सुटका झाली होती, आणि ती आनंदापेक्षा खूप मोठी असते हे तिला त्या दिवशी कळलं. प्रणित पाणी आणायला गेला आणि येताना तीन वडापाव घेऊन आला. निकाल लागला तेव्हा संघ चाळिसांत नववा होता. नवव्याला काही मिळत नाही. पण प्रणितनं त्याची बातमी कॉलेजच्या सगळ्या गटांवर अशी पाठवली की वाचणाऱ्याला वाटावं, वरचे आठ जण चुकून आले असावेत.

पट्ट्या परत करून तिघं उपाहारगृहाच्या पायऱ्यांवर येऊन बसली. ऊन अजून उतरायचं होतं. वडापावचा कागद घड्या घालून घालून अरसलाननं बोटाएवढा केला होता.

"मला माफ कर," शेवटी तो म्हणाला. "कुठून आणलंस, असं विचारायला नको होतं मी."

"मीसुद्धा तुला सांगायला पाहिजे होतं."

"त्या बंगळुरूवाल्यांना मी उद्याच पत्र लिहितो, जे झालं ते."

"जागा जाईल, अरसलान."

"जाऊ दे की." तो जरासा हसला. "तुला खरं सांगू? दर वेळी छताकडे बघताना मला भीती वाटायची, की या वेळी नाहीच लागला तर? सगळे माझ्या कपाळाकडे बघायलेत, आणि मला आत नेमकं काय होतंय तेच कळत नाही. आज पहिल्यांदा मला मोकळं वाटायलंय."

शिवकन्यानं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर पट्टीचा लालसर वळ उठला होता. तसाच आपल्याही कपाळावर असणार, असं तिच्या मनात आलं.

"तो दहावा प्रश्न राहिलाच," प्रणित म्हणाला. "संगणकच बंद केला त्यांनी. कोणत्याच संघाला सुटला नाही म्हणे तो."

"शिवा," अरसलाननं विचारलं, "तुला येत होता?"

ती जरा घुटमळली. "येतोय."

"सगळा?"

"सगळा."

"मग सांग," तो म्हणाला आणि कागद खिशात टाकून तिच्याकडे तोंड करून बसला. प्रणितही खालच्या पायरीवर सरकला.

तिनं पायरीवरच्या धुळीत बोटानं एक चौकोन काढला आणि सांगायला सुरुवात केली. दोन ठिकाणी अरसलाननं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. एकदा प्रणितला काहीतरी विचारायचं होतं, त्यानंही ते मागे ठेवलं. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत ती एकदाही थांबली नाही.